‘ए’ म्हणजे एकर, आर की आणा?

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. आमच्या जमिनीच्या मोजमापाच्या पायथन प्रोग्रॅमला तुमच्या विद्यार्थ्याने पहिलीच पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल कोडात सामील करून घ्यायची विनंती, पाठवली. कोड चालत होता, टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या, आणि मी त्यावर २३ शेरे मारले. “गर सोडून टरफलं मोजत बसलात. पोरगा आठ दिवस झाले लॅपटॉप उघडेना. स्टाईलनं कधी कुणाचं वाकडं झालंय?” असा तुमचा सवाल.

शेरे काल पुन्हा मोजले. त्यातले १७ मोकळी जागा, ओळीची लांबी, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, असले आहेत. ते मारायलाच नको होते, कबूल. पेप ८ ही पायथनची शैलीची नियमावली ओळ ७९ अक्षरांत बसवायला सांगते, कोड आपोआप नीट मांडणारं ब्लॅक ८८ ला तोडतं, लिनक्स कर्नेलवाल्यांनी ८० चा इशारा २०२० मध्ये १०० वर नेला. वेदवाक्य कुठलंच नाही. काल रात्री आमच्याकडेही ब्लॅक बसवलं, आता कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, ते आपोआप चालेल. सगळा कोड एका दमात फॉरमॅट केल्यावर कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये ओळीओळीवर माझंच नाव यायला लागलं. तसा कमिट वगळायची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे, ती वापरली. हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. पण टॅब की स्पेस यावर भांडायला आम्हा तिघांना मजा यायची, खरं सांगायचं तर.

कोडातल्या ‘हिस्सा’ या नावावरून तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात, आणि बरोबर चिडलात. मी त्याला ते बदलून ‘सबडिव्हिजन’ कर म्हटलं होतं. आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, सर्व्हे नंबरला जोडून हिस्सा असतो, कन्नड लिहिणाराही हिस्साच म्हणतो, पलीकडे महाराष्ट्रात चंदगडच्या तलाठ्याकडेही हिस्साच. आमच्यातला धारवाडचा कन्नड बोलणारा मुलगा तो शब्द न अडखळता वाचतो. नाव कुठल्या भाषेत हा वाद आपल्या बेळगाव भागात नको तिथे पेटतो. कोडमध्ये तो कागदावर काय छापलंय ते बघून मिटतो. मी कागद बघितलाच नव्हता.

आता तुमचा शेवटचा सवाल. वाकडं झालंय सर. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएलच्या, म्हणजे इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित करणाऱ्या कोडातली चूक बाहेर आली. सी भाषेतला कोड, ‘गोटू फेल’ (तपासणी सोडून थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडलेली. वर इफची अट, पण महिरपी कंस नाहीत. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे डोळ्याला दोन्ही इफच्या पोटातल्या वाटतात. कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कॉम्पायलरच्या लेखी दुसरी बाहेरची. ती दर वेळी चालायची आणि सर्व्हरची सही तपासणारी पुढची ओळ कधी यायचीच नाही. पायथनमध्ये नेमकं हेच होणार नाही, तिथे इंडेंटलाच, ओळ किती आत सरकवलीय त्यालाच, अर्थ असतो. पण माणसाला एक दिसावं आणि यंत्राने दुसरंच करावं, हे पायथनमध्येही होतं. नमुना तुमच्या पोराच्याच कोडात सापडला.

त्याच्या फंक्शनमध्ये आकडा साठवायला ‘ए’ नावाचा एकच व्हेरिएबल आहे. सुरुवातीला तो एकर, मध्ये गुंठे, शेवटी आर (हेक्टरचा शंभरावा भाग). इंग्रजीत एकर, आर आणि आणा ही जमिनीची तिन्ही मापं ए-नेच सुरू होतात, म्हणजे नाव चुकलं असंही म्हणता येईना. ‘ए म्हणजे काय?’ हा माझा शेरा तुम्हाला खवचट वाटला. थोडा होताच. तुम्हाला फरक दाखवावा म्हणून रविवारी तेच फंक्शन नीट नावं देऊन लिहायला घेतलं. पहिल्या ‘ए’ला ‘एकर’ केलं आणि हात थांबला. उताऱ्यावरचे ३ एकर २० गुंठे आपण ३-२० असे लिहितो. त्याने मधली रेघ काढून टिंब दिलंय आणि एकराचे ४० गुंठे म्हणून ३.२० ला सरळ ४० ने गुणलंय. उत्तर १२८ गुंठे. खरे १४०. बारा गुंठे हवेत! चंदगडकडे जमीन असलेली आपली माणसं हा प्रोग्रॅम वापरतात, कारण तिकडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. आणि बारा गुंठ्यांसाठी भाऊ-भाऊ कोर्टाची पायरी चढतात हे मी तुम्हाला काय सांगावं.

हा बग तीनदा वाचूनही मला दिसला नव्हता. माझ्या २३ शेऱ्यांत त्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे टरफलांचं तुम्ही म्हणालात ते लागू पडलंच. पण ‘ए’ होता तिथे असता तर चौथ्यांदा वाचूनही तो मला दिसला नसता, एवढं माझंही ऐका.

मग टेस्ट हिरव्या कशा? त्याने घेतलेले आकडे बघा: २ एकर, ५ एकर, १० एकर. गुंठे सगळीकडे शून्य.

सतरा शेरे आणि ‘हिस्सा’चा शेरा मी मागे घेतलाय. उरलेल्या पाचांतले चार थांबले तरी चालतील. ३-२० चं मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही, तो कमिट त्याच्याच नावावर जाऊ दे. त्याला फक्त ३ एकर २० गुंठ्यांची एक टेस्ट जोडून चालवायला सांगा. अडलाच तर शनिवारी संध्याकाळी मी टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ असतो. लॅपटॉप घेऊनच येऊ दे त्याला, चहा माझ्याकडून.