गाठ ताईशी आहे

वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी माझ्या ताईच्या गळ्यात दोन लाकडी मणी पडले आणि तेव्हापासून ताई आमच्या गळ्यात पडली आहे.

हे मणी म्हणजे वूड बॅज. स्काऊट पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसांनी सगळं प्रशिक्षण पुरं केलं की मिळतो तो. हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात इतक्या नातेवाइकांना ऐकवलंय की झोपेतही बरळत असेन. अभिनंदनाचा प्रत्येक फोन त्याच रस्त्याने जातो.

"स्काऊट लहान मुलांचं ना रे? मग ही तिथे काय करते?"

"मुलांना शिकवते."

"म्हणजे नोकरी लागली!"

"नाही. पगार नसतो."

"मग?"

या 'मग'पुढे मी आजवर गेलेलो नाही.

खरं तर ताईने फार सोसलं. शिबिरात राहुट्या उभारल्या, पावसात चुली पेटवल्या, टोळीत राहून धुण्याभांड्यांची पाळी सांभाळली. तिथे मोठ्यांनाही पोरांसारखंच टोळ्यांत विभागतात आणि टोळ्यांना प्राण्या-पक्ष्यांची नावं असतात. पहिल्याच रात्री तिने आईला फोन करून सांगितलं, "आम्ही आठही जण घुबड आहोत." आई घाबरून म्हणाली, "असं कोण म्हणालं तुला?"

पण शिबिर संपल्यावर सोसायची पाळी आमची होती. शिकलेलं प्रत्यक्षात उतरवून दाखवायचं असतं. ते पथकात उतरवण्याआधी ताई घरात उतरवून बघायची. खुर्चीचे पाय चौकोनी बांधणीने एकमेकांना जखडलेले असत. प्रथमोपचाराचा कायमचा जखमी मी. एकदा माझ्या शाबूत पायाला दोन फळ्या बांधून ती गाठीचं पुस्तक आणायला गेली, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मी लंगडी घालत दार उघडलं. समोरच्या काकूंनी अजूनही तो पाय बरा झाल्याचं मान्य केलेलं नाही. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात पोरांना कुडू हरणाचं शिंग फुंकून उठवायचे. आमच्या घरी ते शिंग नव्हतं हे भाग्य. ताईला घसा आहे हे दुर्भाग्य.

मणी देण्याच्या समारंभात मी पुढे होऊन उजवा हात केला, समोरच्या साहेबांनी डावा. मी घाईने डावा केला, त्यांनी सौजन्याने उजवा. आम्ही दोघं हवेत काहीतरी विणतोय असं दिसत होतं. स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, हे ताईने मला गाडीत बसल्यावर सांगितलं.

मग ठरलं, घरी छोटासा कौतुकसोहळा करायचा. फलक टांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बांधला. ताई आली, तिने फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट दोरीकडे पाहिलं. "ही ग्रॅनी नॉट आहे. रीफ नॉट कशी असते? उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. तू दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलंस. ही एक तर सुटते, नाही तर नको तेव्हा अडकून बसते." आणि सत्कारमूर्ती गळ्यातले मणी काढून टेबलावर ठेवून स्टुलावर चढल्या. ग्रॅनी, का कोण जाणे, अडकून बसली होती.

तेवढ्यात मामांनी मणी उचलले. चष्मा कपाळावर, मणी नाकापाशी. "एवढेच?"

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. 1919 साली मॅक्लारेन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी दिलेल्या पैशातून लंडनजवळचं गिलवेल पार्क घेतलं, त्याच सप्टेंबरात तिथे पहिला वर्ग झाला. बेडन-पॉवेल यांच्याकडे झुलूलँडहून आणलेली मण्यांची लांबलचक माळ होती. दिनुझुलू या झुलू राजाची, असं सांगतात. तिचेच मणी काढून त्यांनी पहिल्या लोकांना दिले.

"म्हणजे दुसऱ्याची माळ तोडून वाटली," मामा म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय मण्यांबरोबर मिळणाऱ्या स्कार्फकडे नेला. त्याच्या पाठीवर मॅक्लारेन घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा असतो, हे मामांना पटलं. आख्खा स्कार्फ त्या कापडाचा करणं महाग पडायला लागलं म्हणून तुकड्यावर भागवलं, हे तर फारच पटलं. हे सगळं होईपर्यंत त्यांच्या बोटांनी चामडी दोरीची गाठ सोडून ठेवली होती. "बांध रे पटकन," असं कुजबुजून त्यांनी ती माझ्या हातात कोंबली आणि ते पंख्याकडे बघू लागले.

मी बांधली.

ताईचं भाषण सुरू झालं. "या दोन मण्यांसाठी..." म्हणत तिने हात गळ्याशी नेला. टक. आणि मग आणखी एक टक.

पुढची दहा मिनिटं पाहुणे जमिनीवर होते. ताईने मात्र क्षणात टोळ्या पाडल्या: सोफा, कपाट, पायपुसणं. कपाटाची टोळी समोरच्या काकूंकडे दिली. त्या माझा पाय जपत होत्या. एक मणी पायपुसण्याच्या टोळीला लगेच सापडला. दुसरा मामांनी सोफ्याखालून काढला. बाहेर आले तेव्हा केसांत जळमट आणि चेहऱ्यावर विजय. मणी शर्टाला पुसून त्यांनी तो ताईला दिला तो थेट डाव्या हाताने. "अगं," ते म्हणाले, "प्रशिक्षक झालं की चार मिळतात म्हणे?"

ताईने त्यांना उत्तर दिलं नाही. ती दोरीकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे.

"उजवं डाव्यावर," मी म्हणालो.

"मग?"