आंघोळीचे अठ्ठावीस किलोवॅट

इंग्लंडात घर घेतलं की माणूस हवामान आणि बॉयलर या दोन विषयांत तज्ज्ञ होतो. हवामानाचं काही करता येत नाही, त्यामुळे सगळी विद्वत्ता बॉयलरवर खर्ची पडते.

आमचं घर रेडिंगला. १९३०च्या दशकातलं, शेजाऱ्याच्या घराला एका भिंतीने चिकटलेलं. मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवायचं ठरलं तेव्हा बायकोने एकच अट घातली, फरशी गरम हवी. अट रास्तच होती. जानेवारीत सकाळी चहा टाकायला उभं राहिलं की टाइल्सचा गारठा तळपायातून निघून थेट दाढेत पोचतो. तेव्हा तळमजल्याला फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या आणि वरच्या मजल्यावर आहेत ते रेडिएटर, असा बेत ठरला. हे सगळं पाणी तापवणारा जुना बॉयलर तसाही कण्हतच होता, म्हणून बॉयलरही नवा.

मग हीटिंगवाले येऊ लागले. पहिल्याने दारातच विचारलं, "बाथरूम किती?" दोन म्हटल्यावर तो म्हणाला, "पस्तीस किलोवॅटचा कॉम्बी." चहा संपवला आणि गेला. दुसऱ्याने चहासुद्धा घेतला नाही, पण आकडा तोच सांगितला. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर एकमुखाने उत्तर आलं, "मोठाच घ्या, पाहुणे येतात." एका काकांनी तर आपल्या बॉयलरचा फोटोच टाकला. त्याला एवढे अंगठे आले की नातवाच्या बारशालाही आले नसतील.

फरशीबद्दल मात्र कोणीच चकार शब्द काढला नाही.

शेवटी एक पोलिश गृहस्थ आले. वय साठीच्या आसपास, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांनी खिडक्या मोजल्या, भिंतींवर टिचक्या मारल्या, माळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी पाहिली. मग ओट्याशी उभं राहून कागदावर हिशेब मांडला. बाहेर उणे तीन असताना आख्खं घर उबदार ठेवायला लागतात सात किलोवॅट.

"सात? मग बाकीचे अठ्ठावीस कशाला?"

"आंघोळीला," ते म्हणाले.

मग उलगडा झाला. कॉम्बी बॉयलर पाणी साठवत नाही, नळ सोडला की तिथल्या तिथे तापवतो. नळाचं गार पाणी पस्तीस अंशांनी तापवून मिनिटाला बारा लिटर द्यायचं तर तीस किलोवॅट लागतात. फरशीला मात्र एवढी आग नकोच असते. तिच्या नळ्यांत पाणी पस्तीस ते पंचेचाळीस अंशांचं, म्हणजे आपल्या आंघोळीच्या पाण्याइतपत. वरच्या रेडिएटरना त्याहून कढत लागतं, म्हणून फरशीकडे जाणाऱ्या पाण्यात एक मिक्सिंग व्हॉल्व्ह परतीचं कोमट पाणी मिसळून विसण घालतो. ऑक्टोबरात तर तळमजल्याला दीडएक किलोवॅट पुरतो. पस्तीसचा बॉयलर कितीही मंद केला तरी समजा सहाच्या खाली येत नसेल, तर तो पेटतो, दोन मिनिटांत पाणी तापलं म्हणून विझतो, परत पेटतो, परत विझतो. दिवसभर हेच. गॅस वाया जातो, यंत्र झिजतं, आणि बिल बघून आपण तापतो.

तेव्हापासून मी रात्री अंथरुणात माहितीपत्रकं वाचू लागलो. बॉयलर जास्तीत जास्त किती देतो ते मुखपृष्ठावर बोटभर जाडीच्या अक्षरांत असतं. कमीत कमी कितीवर येतो ते शोधायला मागच्या पानांवर जायचं. तिथे एका तक्त्यात, परतीच्या तापमानाच्या रकान्याशेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात ते छापलेलं असतं. बायको म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला तर तोही खर्च बॉयलरच्या खात्यात धर."

बॉयलर कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणारा, घ्यायचा की नाही, हा प्रश्न तेवढा सरकारनेच सोडवलेला. इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून काही अपवाद सोडता तोच बसवावा लागतो. परतीचं पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असेल, तरच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता आपल्या पदरात पडते. फरशीचं पाणी त्याहून बरंच गार परत येतं. म्हणजे या दोघांचं जमायला काहीच हरकत नव्हती. मधे येत होत्या त्या आमच्या आंघोळी.

पोलिश काकांचा तोडगा सरळ होता. कॉम्बी नको. गरम पाणी साठवायला टाकी बसवा, म्हणजे बॉयलर अठराचा चालेल आणि अगदी मंद, तीनपर्यंत उतरेल. दोघांनी एकदम शॉवर घेतला तरी भांडण नाही. फक्त टाकीला वरचं एक कपाट द्यावं लागेल. त्या कपाटात आमच्या बॅगा, दिवाळीचा कंदील आणि कधी ना कधी लागतील अशा खोक्यांचा डोंगर होता. बायको कपाट सोडेना, मी तीन किलोवॅट सोडेना.

साताऱ्याहून आलेली आई इतके दिवस गप्प होती. तिच्या मते तांब्याचा बंब असताना यातलं काहीच सुचलं नसतं. पण टाकी म्हटल्यावर तिचे कान टवकारले. "कपाट उबदार राहील का रे?" या देशात तिचं इडलीचं पीठ डिसेंबर ते मार्च फुगत नाही, हे तिचं मोठं दुखणं. शेजारच्या गुजराती बाईंच्या घरी म्हणे टाकीच्या कपाटात दही लागतं.

निकाल तिथेच लागला. बायकोने बॅगा माळ्यावर टाकायला आपणहून मान्यता दिली.

मी काकांना विचारलं तर ते अभिमानाने म्हणाले, "नव्या टाक्यांचं इन्सुलेशन फार उत्तम असतं. कपाट जवळजवळ गारच राहील."

मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "मग तिचा उपयोग काय?"

काकांनी गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं. फरशी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहील, पातेलं तिच्यावरच ठेवा, असं त्यांनी सुचवलं. आईने नकाशा पुढे ओढला, फ्रीजशेजारच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, इथे नळ्या जरा जवळ जवळ घाला."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, त्या कोपऱ्यातलं २०० मिलिमीटर खोडून १०० केलं, आणि शेजारी काय लिहू म्हणून मला इडलीचं स्पेलिंग विचारलं.