हर्लिंगच्या 'जो मॅकडोना' कपवरचा फॉरवर्ड साफ चुकीचा आहे

काल ताईने एक फॉरवर्ड पाठवला. ती आयर्लंडला पोर्टलीशमध्ये राहते, भाचा दहा वर्षांचा, हर्लिंगचं वेड (लाकडी काठीने चेंडू मारायचा तिथला मैदानी खेळ). फॉरवर्ड म्हणतो की 'जो मॅकडोना' कप, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) टीमची दुसऱ्या पातळीवरची स्पर्धा, हा हरलेल्यांची समजूत घालायला काढलेला कप, त्यातल्या काउंट्या मोठ्यांना कधीच हरवत नाहीत, डोक्याला हेल्मेटही नसतं, तेव्हा लीशसारख्या (पोर्टलीश तिथलंच) काउंटीत पोरांना हर्लिंगला घालू नका. खाली ताईचा प्रश्न, "बंद करू का रे याचं?" हे वाचून डोकंच फिरलं.

कधीच हरवत नाहीत? अरे, 2019 बघा ना! 30 जूनला क्रोक पार्क स्टेडियमवर लीशने वेस्टमीथला हरवून हाच कप घेतला आणि बरोबर सात दिवसांनी पोर्टलीशच्याच ग्राउंडवर समोर आलं डब्लिन, ज्यांनी तीनच आठवड्यांपूर्वी गॉलवेला घरी पाठवलं होतं, आणि गॉलवे म्हणजे ऑल-आयर्लंडचे, सगळ्यात वरच्या स्पर्धेचे, 2017 चे चॅम्पियन. स्कोअर लीश 1-22, डब्लिन 0-23. पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट; एका गोलचे तीन पॉइंट धरले की 25 विरुद्ध 23. जिंकलं लीश! पुढे टिपररीकडून दहा पॉइंटनी हरले, पण टिपररी त्या वर्षीचे चॅम्पियनच झाले. हे सगळं ताईच्या गावात घडलंय हो, आणि तिलाच कोणीतरी सांगतंय की इथे काही होत नाही.

बरं, एवढं मान्य की कपच्या फायनलनंतर मोठ्या टीमशी झालेली मॅच बहुतेक वेळा एकतर्फी झाली. पण आठवड्याभरापूर्वी फायनल खेळलेली पोरं परत उतरवली तर दमणारच, त्यात कपचा काय दोष?

आणि हरलेल्यांचा कप कसा? आता सहा टीम सगळ्या एकमेकींशी खेळतात, वरच्या दोन फायनलला, तळाची टीम खाली क्रिस्टी रिंग कपमध्ये. ऑफलीने 1998 ला ऑल-आयर्लंड जिंकलं होतं, तेही 2019 ला इथून खाली घसरले, मग 2021 ला क्रिस्टी रिंग जिंकला, 2024 ला हा कप जिंकला आणि परत वर गेले. समजूत घालायच्या कपासाठी कोणी पाच वर्षं घाम गाळत नाही.

हेल्मेटचं तर धादांत खोटं. जाळीवालं हेल्मेट 2010 पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. भाच्याचं दाराशेजारी खुंटीवरच असतं, ताई रोज बघते.

तिला लिहिलं, बंद बिंद काही करू नकोस, त्याच्या हर्लीच्या (काठीच्या) टोकाची पत्र्याची पट्टी सैल झालीय ती आधी बसवून घे, शनिवारी ट्रेनिंग आहे.