यूकेत स्वस्तात कसं गारठायचं: नवीन विद्यार्थ्यांसाठी फुकट मार्गदर्शन

सप्टेंबरात मास्टर्सला आलात, पाच जणांत मिळून घर घेतलंत, "किती क्यूट जुनं घर आहे ना" म्हणून स्टोरीपण टाकलीत, अभिनंदन. आता ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येऊ द्या, घड्याळ तासभर मागे जाईल, मग डिसेंबरात चारच्या आत अंधार, आणि तेव्हा ते क्यूटपण हाडात शिरायला लागेल. घाबरू नका, सीनियर्स आहेत ना सांगायला.

पहिली गोष्ट, घराचं एनर्जी सर्टिफिकेट, म्हणजे घर किती ऊर्जा खातं ते सांगणारा दाखला, अजिबात बघू नका. सरकारी साइटवर पत्ता टाकला की ए (सगळ्यात चांगली) ते जी (सगळ्यात वाईट) मधली ग्रेड फुकट दिसते, पण एवढं बघून घर घेणारा माणूस भाव करतो आणि एजंटला ते आवडत नाही. इंग्लंडमध्ये 2020 पासून काही अपवाद सोडले तर ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही, त्यामुळे मालक लोक बरोब्बर ई काढतात, आपल्याकडे पस्तीस मार्कांवर काठावर पास होतात तसं. लेस्टर म्हणा, शेफील्ड म्हणा, लीड्स म्हणा, स्टुडंट लोकांच्या वाट्याला बरेचदा व्हिक्टोरियन काळातली रांगेतली घरं येतात, भिंत म्हणजे भरीव वीट, मध्ये पोकळीच नाही त्यामुळे त्यात ऊब धरून ठेवणारं काही भरायचा प्रश्नच येत नाही, वरून खिडकीची एकच काच आणि तीपण धड बंद होत नाही. फटीला लावायची फोमची पट्टी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण घर आपलं थोडंच आहे, मालकाचा वारा मालकाच्या घरातून जातोय तर जाऊ दे की.

दुसरं म्हणजे हीटिंग, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवून अख्खं घर तापवणं. हे लावायचं नसतं. जो पहिल्यांदा लावेल तो उधळ्या, बापाच्या पैशावर मजा मारणारा, त्यामुळे नोव्हेंबर संपेपर्यंत पाचही जण स्वयंपाकघरात जॅकेट घालून "छे, मला तर उकडतंय" असं म्हणत उभे राहतात. डब्ल्यूएचओ म्हणतं घरात निदान 18 डिग्री तरी असावं, पण त्यांचं बिल कोण भरतं ते त्यांनी सांगितलेलं नाही.

मग रात्री प्रत्येकाने गुपचूप काय करायचं, तर वीसेक पौंडांचा छोटा फॅन हीटर आणायचा आणि दार लावून चालू करायचा. दोन किलोवॉटचा हीटर म्हणजे तासाला दोन युनिट, एक युनिट पंचवीसेक पेन्सचं, म्हणजे आपले तीसेक रुपये (करताच ना गुणाकार, लाजू नका, सगळेच करतात), आणि असे पाच खोल्यांत पाच. खाली बॉयलर गॅसवर चालतो आणि गॅसचं युनिट विजेच्या साधारण पाव किमतीत पडतं, त्यामुळे संध्याकाळी दोन तास सगळ्यांनी मिळून हीटिंग लावलं आणि रिकाम्या खोल्यांच्या रेडिएटरच्या नॉबवरचा नंबर खाली आणला तर कदाचित कमीच पैसे जातील, पण त्यासाठी पाच जणांना एकत्र बसून बोलावं लागेल, आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप फक्त "माझं दूध कोणी संपवलं" यासाठी आहे. इलेक्ट्रिक ब्लँकेट पण घेऊ नका हं, शंभरेक वॉटमध्ये अंथरूण गरम होतं, इतक्या स्वस्तात ऊब मिळाली तर घरी जाऊन हाल सांगायचे कसले?

रेडिएटर खाली गरम आणि वर थंड लागतोय का? आत हवा अडकलीय. एक-दोन पौंडाची छोटी चावी मिळते, हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाला की ती फिरवून हवा सोडली की झालं. पण आपण इंजिनीअर आहोत, आपण मालकाला ईमेल करून सहा आठवडे वाट बघायची.

कपडे वाळत घालायचे ते रेडिएटरवर, खिडक्या घट्ट लावून. चार दिवसांत कोपऱ्यात काळी बुरशी येईल, मालक येऊन बघेल आणि भिंतीला काही झालेलं नाही, तुमची लाइफस्टाइल चुकतेय असं सांगेल. लाइफस्टाइल म्हणजे श्वास घेणं, अंघोळ करणं आणि भात शिजवणं. भातावरून आठवलं, वरणाला फोडणी दिलीत की स्मोक अलार्म बोंबलणार, मग सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, दोन तास जमवलेली ऊब एका मोहरीपायी रस्त्यावर. फोडणी आधी तयार करून फ्रीजमध्ये ठेवणारे लोकही मी पाहिलेत, त्यांना साष्टांग नमस्कार.

बिल्स इन्क्लुडेड घर असेल तर करारात बारीक अक्षरात लिहिलेली वापराची मर्यादा वाचू नका, सरप्राइजची मजा जाते. आणि मालक स्वतःच तुम्हाला वीज विकत असेल तर त्याने जेवढ्याला घेतली त्याहून जास्त दर लावता येत नाही असा तिथे नियम आहे, पण म्हणून बिल दाखवा म्हणायचं? काय वाटेल त्यांना! तुम्ही आपले रात्री लायब्ररीत जाऊन झोपा, फी भरलीये ती वसूल करा, आईला व्हिडिओ कॉलवर सांगा की अभ्यास चालू आहे, फक्त तोंडातून वाफ दिसणार नाही असा अँगल धरा.

एवढ्यात नोव्हेंबरात एजंटचा मेसेज येईलच, पुढच्या वर्षीची पोरं घर बघायला येतायत, कृपया तासभर आधी हीटिंग फुल लावून ठेवा. बिल तुमचंच. लगेच सगळ्यांना खाली बोलवा, मोजे सुकवून घ्या, जमलं तर अंघोळी उरका, आणि पोरांनी विचारलं घर गरम राहतं का, तर खरंच सांगा, हो, आत्ता बघताय ना.