यीस्टचं नोबेल आणि उपवासाचा व्हायरल मेसेज

'जपानी शास्त्रज्ञाला उपवासासाठी नोबेल मिळालं. सोळा तास उपाशी राहा, जनुकं बदलतात आणि शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं.' हा मेसेज केमोथेरपी चालू असलेल्या माणसांनाही पाठवला जातो. त्यामुळे त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

'उपवासासाठी नोबेल.' नाही. योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली हे पारितोषिक ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीने स्वतःचेच घटक मोडून पुन्हा वापरण्याची, यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळालं. त्यांचे पायाभूत प्रयोग यीस्ट या एकपेशीय बुरशीवरचे होते. त्यात माणसं नव्हती आणि सोळा तासांचा हिशोबही नव्हता.

'उपाशी राहिलं की झालं.' इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. ओसुमींच्या यीस्टला साखर मिळत होती, तोडला होता तो नायट्रोजन. पेशीला नुसती 'उपासमार' कळत नाही. नेमकं काय कमी पडलंय ते तिला कळतं आणि उत्तरही त्यानुसार ठरतं. फॉस्फेट संपत आलं की एरवी केंद्रकाबाहेर (पेशीतल्या डीएनएच्या कप्प्याबाहेर) ठेवलेलं पीएचओ-4 हे प्रथिन आत थांबतं आणि फॉस्फेट ओढून घेणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. अमिनो आम्लं कमी पडली तर प्रकार वेगळाच, आणि मला तरी तो थक्क करणारा वाटतो: पेशीतली एकूण प्रथिननिर्मिती मंदावते, पण जीसीएन-4 या एका प्रथिनाची वाढते. त्याचा आरएनए (जनुकाची प्रत, जी वाचून प्रथिन बनतं) आधीच तयार असतो, अडवलेलं असतं ते फक्त त्याचं वाचन. हे प्रथिन मग अमिनो आम्लं घरीच बनवणारी जनुकं जागी करतं. जस्त कमी पडलं, तर जस्त आत आणणारी प्रथिनं वाढतात आणि अल्कोहोल बनवणाऱ्या, जस्त वापरणाऱ्या मुख्य विकराचं (एन्झाइमचं) उत्पादन कमी होतं.

'जनुकं बदलतात.' वरच्या एकाही उदाहरणात डीएनएचं अक्षरही बदललेलं नाही. बदलतं ते कोणतं जनुक किती वापरायचं एवढंच. फॉस्फेट परत मिळालं की पीएचओ-4 पुन्हा केंद्रकाबाहेर जातं.

'शरीर कॅन्सरच्या पेशी खातं.' ऑटोफॅजीत पेशी स्वतःच्याच आतले घटक मोडून पुन्हा वापरते, शेजारची रोगट पेशी शोधून खात नाही. उलट, वाढलेल्या अनेक गाठींमध्ये रक्तपुरवठा अपुरा पडतो, तेव्हा कॅन्सरच्या पेशीच तग धरण्यासाठी ऑटोफॅजी वापरतात. म्हणूनच ती रोखणारी औषधं कॅन्सरवर उपयोगी पडतील का, याच्या चाचण्या झाल्या आहेत.