चिंचोके, चुंबक आणि सदतीस रुपये

पुरवणीतला तो पोरगा सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे रविवारी पेपर उघडायची गरज पडली नाही. नऊ वर्षं, गळ्यात टाय, हातात रंगवलेली पणती, वर मथळा ‘छोटा उद्योजक’. नाशिकच्या पंचवटी कारंज्याच्या अलीकडे सविताताईंच्या पोह्यांच्या गाडीशेजारी बंद पडलेल्या गिरणीचा ओटा आहे, तोच आमचा कट्टा. ओट्यावर विज्या बसतो, कारण त्याचा गुडघा. बाकीचे उभे.

सुरुवात अर्थात सुहासनं केली. सुहासला आम्ही एमडी म्हणतो. कंपनी नाही, पण व्हिजिटिंग कार्ड आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून तो बोलत नाही, सेशन घेतो.

“हे लक्षण आहे,” एमडी म्हणाला. “उद्योजक लहानपणीच दिसतो. मनी माइंडसेट. अमेरिकेतला गुंतवणूकदार वॉरन बफेट घ्या. अकराव्या वर्षी पहिला शेअर! त्याआधी दारोदार च्युइंगगम विकलं, कोका-कोलाच्या बाटल्या विकल्या.”

“बाप काय करायचा त्याचा?” रम्यानं विचारलं. रम्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारीही त्याच्या नखात ग्रीस असतं.

“शेअर दलाल होता. पुढे अमेरिकेच्या संसदेत गेला.”

“मग बरोबर आहे भो. माझा बाप रामकुंडावर न्हावी होता. मीपण अकराव्या वर्षी वस्तरा धरला. पेपरवाला नाही आला.”

एमडी जरा थांबला. सेशनमध्ये मध्येच कुणी बोलत नाही, त्यामुळे त्याला सवय नाही. मग त्यानं धीरूभाई अंबानींची गिरनारच्या पायथ्याची भजी काढली. ती आम्ही गेल्या संक्रांतीला ऐकली होती, त्याआधी विज्याच्या मुलीच्या साखरपुड्यातही ऐकली होती.

“कलामसाहेबांचं सांग की,” विज्या ओट्यावरून म्हणाला. विज्या कोर्टात टायपिस्ट होता, त्याला तपशील लागतो. “दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा कलाम आठ वर्षांचे. रामेश्वरमला एकदम चिंचोक्यांना भाव आला. का आला ते त्यांनाही कळलं नव्हतं. हे गोळा करायचे आणि दुकानात नेऊन द्यायचे. दिवसाचा एक आणा. मग रामेश्वरमला गाडी थांबणं बंद झालं, धनुष्कोडीच्या वाटेवर चालत्या गाडीतून पेपरचे गठ्ठे फेकायला लागले. त्यांच्या चुलतभावाकडे पेपरची एजन्सी होती, त्याला गठ्ठे झेलायला माणूस हवा होता.”

“बघा!” एमडी टाळी वाजवून म्हणाला. “संधी ओळखणं! सप्लाय चेन!”

“पुढे काय केलं त्यांनी?” रम्या शांतपणे म्हणाला. “पेपरची एजन्सी टाकली? चिंचोक्यांचा कारखाना?”

एमडी गप्प.

“क्षेपणास्त्र उडवलं ना? मग चिंचोक्यात नक्की कशाचं लक्षण होतं ते सांग.”

इथे खरं तर चर्चा संपायला हरकत नव्हती, पण सविताताईंनी पोह्यांवर शेव भुरभुरवत मध्येच विचारलं, “तुम्ही कोणी काय धंदा केला लहानपणी?” झालं.

माझा धंदा म्हणजे स्काउटची ‘खरी कमाई’. ज्यांच्या शाळेत होती त्यांना सांगायला नको. खाकी चड्डी, गळ्यात स्कार्फ आणि हातात कार्ड. शेजारी जायचं, काम मागायचं, त्यांनी पैसे द्यायचे आणि कार्डावर सही करायची. मी समोरच्या काकांची स्कूटर धुतली, पन्नास पैसे मिळाले. दुसऱ्या घरी तांदूळ निवडायला बसवलं, तिसऱ्या घरी नुसतंच सरबत दिलं. मग मी उरलेल्या सात सह्या वेगवेगळ्या पेनांनी घरी बसून केल्या आणि पैसे आईकडून घेतले. बक्षीस मिळालं.

“ह्याला म्हणतात लवकर दिसलेलं लक्षण,” रम्या म्हणाला. “हा पुढे महापालिकेत लागला.”

मला लागायचं ते लागलं, पण हसलो.

रम्याचा धंदा आम्हाला माहीत होता, तरी सविताताईंसाठी त्याला परत सांगायला लावला. मलाही तो दर वेळी ऐकायला आवडतो, उगाच का लपवा. 1988 साली दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची स्टीलची नाणी आली. त्याआधीची दहा पैशाची नाणी ॲल्युमिनियमची, कातरलेल्या कडांची. ती चुंबकाला ढिम्म हलत नसत. नवीन नाणी चिकटतात हे रामकुंडावरच्या पोरांना सरकारपेक्षा लवकर कळलं असावं. रम्यानं बिघडलेल्या रेडिओचा स्पीकर फोडला, आतलं जाडं चुंबक काढलं, सुतळीला बांधलं आणि दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे गोदावरीच्या पाण्यात सोडलं. ओढत आणायचं. वर येताना चुंबकावर शेवाळ, खिळे, केसांच्या पिना आणि मध्येच एखादं पन्नास पैशाचं चकचकीत नाणं.

“जुना रुपया मात्र यायचा नाही,” रम्या म्हणाला. “तांबं-निकेलचा. त्याला बुडी मारायला लागायची. म्हणजे कसं, चिल्लर चुंबकानं, रुपया श्वासानं.”

“पण तुझ्याकडे तीन चुंबकं होती ना?” विज्यानं आठवण केली.

“होती. दोन दुसऱ्या पोरांना द्यायचो. रुपयाभर चिल्लर निघाली तर चार आणे माझे.”

“फ्रँचायझी!” एमडी इतका ओरडला की पलीकडचं कुत्रं उठलं. “बारा वर्षांच्या मुलानं फ्रँचायझी मॉडेल उभं केलं! रम्या, तुला कळत नाही तू काय केलंस!”

“मी दमायचो म्हणून दिली भो. सकाळी बापाबरोबर घाटावर, मग शाळा, मग पाण्यात. तीन चुंबकं ओढायला हात किती?”

“हेच तर डेलिगेशन!”

“आणि नाणी काळी पडलेली असायची,” रम्या त्याच्याकडे न बघता सविताताईंना सांगत होता. “राखेनं घासायला लागायची. तरी कोपऱ्यावरचा वाणी वास घेऊन बघायचा. म्हणायचा, दहाव्याचे पैसे माझ्या गल्ल्यात नको. मग मी दोन गल्ल्या सोडून पलीकडच्याकडे जायचो. तो वास घेत नव्हता, रुपयाचे पंधरा आणे द्यायचा.”

यावर एमडीला बहुतेक ‘करन्सी एक्स्चेंज’ म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सविताताई बोलल्या.

“आम्ही सिन्नरला विड्या वळायचो. आईच्या मांडीला मांडी लावून. मी सात वर्षांची. शंभरातल्या काही वाईट म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे कापायचे, आणि त्या विड्या टाकायचे मात्र नाहीत. आम्हाला वाटायचं आपल्यालाच नीट येत नाही.” त्यांनी कढईत उलथनं फिरवलं. “तो पणतीवाला पोरगा गोड आहे हो. पण त्याच्या वयाचा पोरगा तुमच्या सिग्नलला पेन विकतो, त्याचा फोटो मी कधी टायमध्ये बघितला नाही.”

“1986 चा बालमजुरीचा कायदा,” विज्या पुटपुटला. “2016 ला दुरुस्ती झाली. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत चालते. सिग्नल हे घर नाही.”

कुणी काही बोललं नाही. एमडीनं पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला. मग, शांतता त्याला सोसत नसल्यामुळे, तो म्हणाला, “पण आपणही केलाच होता की बिझनेस. फटाक्यांचा. 1989. तेव्हाच मला रिस्क कळली.”

हे त्यानं बोलायला नको होतं.

विज्या ओट्यावरून उतरला. गुडघ्यासकट.

फटाक्यांचं दुकान म्हणजे विज्याच्या घरची खाट, वर चादर. मी, विज्या आणि सुहास असे तिघं भागीदार. माल उधारीवर. लवंगी माळा, भुईचक्रं, नागगोळ्या आणि एक खोका सुतळी बॉम्ब. पहिल्या दोन दिवसांत सुहासनं नऊ सुतळी बॉम्ब ‘सॅम्पल’ म्हणून उडवले, गिऱ्हाईकाचा विश्वास बसावा म्हणून. गिऱ्हाईक लांब पळालं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री माल आत घ्यायची पाळी सुहासची होती. सकाळी दवानं सगळ्या लवंग्या सादळलेल्या. काडी लावली की फुस्स. तोटा एकशे अकरा रुपये. विज्याच्या आईनं बांगडीच्या पैशातून फेडला. माझे सदतीस माझ्या आईनं पितळी डब्यातून काढून दिले. आणि सुहासचे सदतीस पुढच्या दिवाळीला येणार होते.

“येणारच होते,” एमडी म्हणाला. “मग आपली दहावी आली.”

“तो बहात्तरचा नियम काय रे तुझा?” रम्यानं एकदम निरागसपणे विचारलं. “तू त्या दिवशी माझ्या बायकोला पॉलिसी विकताना सांगत होतास तो.”

एमडी खुलला. असा प्रश्न आला की त्याला आजूबाजूचं दिसत नाही. “सोपं आहे! बहात्तरला व्याजदरानं भागायचं. बारा टक्के धर, सहा वर्षांत पैसे दुप्पट. चक्रवाढ हे जगातलं...”

“1989 ते 2025. छत्तीस वर्षं. किती वेळा दुप्पट?”

“सहा,” एमडी म्हणाला आणि तिथेच त्याला कळलं.

विज्या बोटांवर मोजत होता. चौऱ्याहत्तर, एकशे अठ्ठेचाळीस, दोनशे शहाण्णव. पुढचं सविताताईंनी पोह्यांच्या कागदावर पेनानं केलं आणि कागद एमडीच्या बशीखाली सरकवला. 2368.

“हे बघा, तेव्हा लेखी करार नव्हता,” एमडी म्हणाला. विज्या त्याच्या तोंडाला आणखी जवळ गेला. विज्यानं तीस वर्षं करारच टाइप केलेत.

हसून हसून मला ठसका लागला. रम्या गाडीचा दांडा धरून उभा होता. पणतीवाला पोरगा, बफेट, चिंचोके, सगळं कुठल्या कुठे गेलं.

शेवटी एमडीनं ऐटीत मोबाइल काढला. “आज सगळ्यांचं माझ्याकडून,” म्हणाला. स्कॅन केलं. सविताताईंच्या गाडीवरचा डबा खणखणीत आवाजात बोलला, एकशे दहा रुपये प्राप्त हुए.

“मुद्दलात की व्याजात?” रम्यानं विचारलं.

“व्याजात,” विज्या म्हणाला, आणि परत ओट्यावर जाऊन बसला.