वांगी बरोबर क्ष

हिवाळा लागला की आमच्या जळगावात पाहुण्यांना भरिताची आठवण येते. बुधवारी बाजारातून दोन किलो वांगी आणि पाव किलो हिरवी मिरची आणली, 110 रुपये झाले. शनिवारी साडू येणार म्हणून सगळं दुप्पट आणलं, 220 झाले. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच बायको म्हणाली, "वांगी काय भावानं दिली?"

मला एकूण लक्षात राहतं, सुटं राहत नाही.

मुलगी दहावीला. बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा, त्यामुळे तेवढा तिचा पाठ. "पप्पा, दोन बिलं आहेत ना? मग लोप पद्धत!" मी वही ओढली. एक किलो वांगी क्ष, पाव किलो मिरची य. पहिल्या समीकरणाला दोननं गुणलं, दुसऱ्यातून वजा केलं. उत्तर आलं, 110 बरोबर शून्य.

"म्हणजे 110 रुपये गेले कुठे?" बायकोचा आवाज बदलला. उजवी बाजू गुणायची राहिली होती, हे सापडेपर्यंत माझ्या पानटपरीचा आठवड्याचा हिशेब होऊन गेला.

दुरुस्त केलं तर शून्य बरोबर शून्य. मग क्रेमर. या स्वित्झर्लंडच्या गृहस्थानं 1750 साली रीत छापली, पण निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, शून्य आला की तोही हात वर करतो. मुलगी गंभीरपणे म्हणाली, "तुमची दोन बिलं म्हणजे एकच बिल. उकली अनंत."

आणि हे कुठं, तर चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे त्या जिल्ह्यात! भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत, पुढच्यांना रंगांची नावं. हरितक म्हणजे माझी मिरचीच.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजता भाजता आई म्हणाली, "तिले इचारी ले ना!" पण भाजीवालीला पुन्हा भाव विचारायला जायचं, तेही पैसे देऊन झाल्यावर? छे.

शेवटी शेजारच्या वहिनी देवासारख्या आल्या. तीच भाजीवाली, तोच दिवस. एक किलो वांगी, पाव किलो मिरची, 65 रुपये. वजाबाकी केली: वांगी 45 रुपये किलो, मिरची 20 रुपये पाव. मी वही उंचावून दाखवली.

"बरं," बायको म्हणाली, "वहिनींना वरून कोथिंबीरही मिळाली. ती कुठाय तुमच्या वहीत?"